घरांना पाय फुटतात तेव्हा: गल्लीत आटपाट नगर मांडायची रीत

इमारतींमधल्या आणि फूटपाथवरच्या माणसांना एकत्र बसवून आम्ही एक नाटक-खेळ मांडतो. पहिल्या वर्षी आमची चूक एका रकान्यात झाली. तालमीच्या पहिल्या दिवशी मी दारात टेबल मांडलं होतं. टेबलावर फुलस्केप वही, वहीत आखलेले चार रकाने: नाव, वय, फोन, पत्ता. उड्डाणपुलाखाली राहणारी एक बाई आली. लालबागच्या बाजारात लसूण सोलायचं काम करते. धुतलेली साडी, केसांना तेल, पायात दुसऱ्या कुणाच्या तरी मापाच्या चपला. तिनं पेन घेतलं. काना-मात्रा जपत सावकाश नाव लिहिलं. वय लिहिलं. फोनच्या रकान्यात रेघ ओढली. पत्त्याच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग तिनं पेनाला टोपण लावलं, ते वहीवर आडवं ठेवलं, "येते हं जरा" म्हणाली आणि गेली. परत आली ती दोन महिन्यांनी, तेसुद्धा मी चार वेळा तिच्या शेजारी जाऊन लसूण सोलत बसले तेव्हा.

म्हणून आधी हे करा: पत्त्याचा रकाना काढून टाका. खरं तर वहीच काढून टाका. हजेरी तोंडी घ्या.

मी कपडेपटातली बाई. परळ-लालबागच्या कामगार रंगभूमीवर पस्तीस वर्षं राजांचे शेले आणि भिकाऱ्यांची ठिगळं शिवली. गिरण्या होत्या तेव्हा पाळी सुटल्यावर तालीम असायची. 1982च्या संपानंतर ती माणसं पांगली, पण दोन-चार जिद्दी मंडळं राहिली, आणि आमचं त्यातलंच एक. आमच्या गल्लीच्या एका बाजूला जुनी चाळ आहे, दुसऱ्या बाजूला नवा टॉवर, मधे फूटपाथ. फूटपाथवर तीन-चार कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. बाकीची माणसं येऊन-जाऊन: नाक्यावर काम शोधणारे, केटरिंगमध्ये वाढणारे, आणि टाटा, केईएममध्ये पेशंट दाखल केलेला आहे पण स्वतःला टेकायला जागा नाही असे नातेवाईक. कुणी विदर्भातून आलेलं असतं, कुणी बिहारमधून. या सगळ्यांना एकत्र बसवून एक नाटक-खेळ मांडायचा, असं आम्ही ठरवलं. सात वर्षांत तो पाच वेळा मांडला. तुमच्या गल्लीत मांडायचा असेल तर कसा, ते सांगते.

आधी हे समजून घ्या: खरी गोष्ट खरी म्हणून मांडायची नाही

आमचा पहिला प्रयत्न सरळ पथनाट्याचा होता. विषय 'बेघर'. टॉवरमधल्या एका कॉलेजच्या मुलानं फाटका सदरा घातला (मीच फाडून दिला होता, नीट झिजवून, चहाच्या पाण्यात बुडवून) आणि हात पसरत आत आला. बघणारे हसले. पुढच्या रांगेत गजरे ओवणाऱ्या एक आजी बसल्या होत्या. त्या उठून एवढंच म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं इथं आहे. हात कधी पसरला नाही. रोज पहाटे तीनला दादरला जाऊन फुलं आणते." नाटक तिथेच थांबलं. ते थांबलं ते बरं झालं.

घर असलेल्यानं घर नसलेल्याची नक्कल करायची, हे वाईट. आणि घर नसलेल्यानं स्वतःचं दुःख स्टेजवर चार लोकांना काढून दाखवायचं, हे त्याहून वाईट. मग उरतं काय? उरते तिसरी जागा. दोघांपैकी कुणाचीच नसलेली. आपल्याकडे ती तयार आहे, आजीच्या कहाण्या तिथूनच सुरू होतात: आटपाट नगर. तिथे वॉचमन नाही, रजिस्टर नाही, कोण कुठल्या बाजूनं आलं हे कुणी विचारत नाही. सोंग घेऊन खरं बोलायचं हा आपला जुनाच रिवाज आहे. एकनाथांनी भारुडं लिहिली ती याच वाटेनं. दशावतारातला राजा रात्रभर उभ्या-उभ्या संवाद रचतो, हातात लिहिलेली संहिता नसते. आपला खेळही तसाच, तोंडानं रचायचा.

बीज

आमच्या नगराची गोष्ट एवढीच. एका रात्री नगरातल्या सगळ्या घरांना पाय फुटतात. वाडे, खोपटी, राजवाडा, देवळामागची ओवरी, सगळी उठून चालायला लागतात आणि डोंगराकडे निघून जातात. सकाळी राजा, कुंभारीण, सावकार, दाई, सगळे उघड्या मैदानात जागे होतात. उशाशी जे होतं तेवढंच हाताशी. सात रात्रींच्या आत घरांना गाठून परत आणायचं, नाहीतर ती डोंगरापलीकडे जाऊन दगड होतील.

बीज तुमचं तुम्ही बदला, पण एक सांभाळा: संकट सगळ्यांवर एकाच वेळी यायला हवं. एकाचं घर गेलं आणि बाकीचे मदतीला धावले, असं रचलंत की पुन्हा दाता आणि याचक तयार होतात. घरंच चालून गेली की उघड्यावर रात्र कशी काढायची हे ज्याला ठाऊक तो शहाणा ठरतो. वारा भिंतीच्या कुठल्या कोपऱ्याला वळत नाही, चपला उशाखाली का घ्यायच्या, पहिली झोप कुणी घ्यायची आणि जागं कुणी राहायचं, हे टॉवरमधल्या बँकेतल्या साहेबांना ठाऊक नसतं. पहिल्याच रविवारी ते साहेब एका नाका कामगाराला विचारत होते, "मग डोकं कुठल्या दिशेला करायचं?" तो त्यांना अगदी मन लावून समजावत होता. मी लांबून पाहत होते. एकाच फूटपाथवरून हे दोघे नऊ वर्षं जा-ये करत होते.

इथे एक धोका आहे. फूटपाथवरच्या माणसाला तेवढंच शहाणपण चिकटवू नका. केटरिंगमध्ये वाढणाऱ्या एकाला आम्ही उत्साहानं 'वाटाड्या' केलं, तर तो म्हणाला, "मला खजिनदार व्हायचंय." झाला. सात रात्री त्यानं नगरातल्या धान्याचा हिशेब असा ठेवला की कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. कुणी काय व्हायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

माणसं, जागा, वेळ

सोळा माणसं पुरतात, वीसच्या वर नको. निम्मी इमारतींमधली, निम्मी फूटपाथवरची. चार-चारांचा गट एका गोधडीवर. गोधडी खरीच वापरा: तिच्या कडा म्हणजे त्या गटाचं नगर. सतरंजीवर माणसं ओळीत बसतात, गोधडीवर आपोआप गोल होतात. प्रत्येक गोधडीला एक सूत्रधार, म्हणजे खेळवणारा. चारांपैकी दोन सूत्रधार फूटपाथवरचे हवेतच. नाहीतर 'आम्ही खेळवतो, तुम्ही खेळा' असं होऊन बसतं.

जागा तळमजल्यावरची घ्या, रस्त्यावरून सरळ आत येता येईल अशी. सोसायटीचं क्लबहाऊस फुकट मिळत असलं तरी घेऊ नका. गेटवर वॉचमन थांबवतो, तो त्याची नोकरी करतो, पण थांबवलेल्या माणसाची ती संध्याकाळ तिथेच संपते. शाळेचं पटांगण, देवळाचा ओटा, गणपतीनंतर रिकामा झालेला मांडव यांतलं काहीही चालेल. जवळ शौचालय आणि पिण्याचं पाणी आहे ना, ते आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा.

वेळ विचारून ठरवा. आम्ही आधी संध्याकाळी साडेसातची ठेवली होती, म्हणजे इमारतवाल्यांच्या सोयीची. फूटपाथवर ती चूल पेटवायची वेळ. मग रविवारी दुपारी चार ते सहा ठरली.

आता सगळ्यांत मोठी गोष्ट, जी मला कुठल्याही नाट्यशिबिरात कुणी सांगितली नव्हती: गाठोड्याची राखण. फूटपाथवरचा माणूस दोन तास जागा सोडून कसा येणार? मागे सामान कोण बघणार? दुसऱ्या वर्षी एक जोडपं तालमीला आलं आणि तेवढ्यात पालिकेची गाडी येऊन त्यांचं सगळं उचलून घेऊन गेली: स्टोव्ह, मुलीचं दप्तर, रेशनकार्डाची झेरॉक्स. त्यांना बोलावणारी मी होते. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. तेव्हापासून आमचा नियम असा: तालमीच्या जागेला लागून कुलपाची एक खोली हवीच. गाठोडी तिथे ठेवायची, प्रत्येकाला पितळी टोकन, खोलीच्या दारात आमच्यापैकी एकजण पूर्ण वेळ बसलेला. त्या माणसाला तालमीत घ्यायचं नाही, त्याचं काम तेच. खोली मिळत नसेल तर खेळ मांडूच नका.

पैशाचं लाजू नका. ज्याचं काम बुडतं त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. पाकीट सगळ्या सोळांना द्या, सारख्या रंगाचं. ज्यांना नको असतं ते जाताना चहाच्या डब्यात टाकतात, कुणी न बघता. खाणं सगळ्यांनी मिळून करायचं. आम्ही कांदेपोहे करतो: कांदा चिरायला चार जण, त्यात टॉवर आणि फूटपाथ दोन्हीकडचे. तयार पाकिटं वाटू नका, वाटप सुरू झालं की रांग लागते आणि रांगेत नगर मोडतं.

साहित्य

फार नाही. जुन्या लग्नपत्रिका, कात्री, सुतळी, आणि कवड्या. फासा आम्ही वापरत नाही, कवड्या हातात छान वाजतात आणि कुणालाही शिकवाव्या लागत नाहीत. एका गोधडीला आठ.

पत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्रं काढा, अक्षरं नकोत. वाचता न येणारे असतात, आणि वाचता येणारे पण मराठी न येणारेही असतात. तीन ढीग करा. पहिला कसबाचा: नाव वल्हवणारी, कुलूप उघडणारा, निरोप पोचवणारा, घुबडांची भाषा जाणणारी, दिवे लावणारा. दुसरा धास्तीचा: विजा, कुत्री, शिपाई, विसरलं जाणं (हे चित्र काढायला अवघड, आमच्याकडे एका मुलीनं रिकामी पाटी काढली, ती आजही वापरतो). तिसरा उशाशी राहिलेल्या वस्तूचा: तवा, घंटा, सुईदोरा, आरसा, किल्ली. प्रत्येक ढिगातलं एकेक पान ज्यानं त्यानं निवडून घ्यायचं, नशिबानं काढायचं नाही. मग सोंगाचं नाव ठेवायचं. सात रविवार त्याच नावानं हाक मारायची.

कापडाचं मी सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रत्येकाला एकच तुकडा द्या, दीड मीटर, सुती, गडद रंगाचा. पगडी करा, ओचा करा, पंख करा, मूल गुंडाळा. आखून-शिवून दिलेला पोशाख माणसाला बांधून टाकतो. आणि फाटकं कापड कुणालाही देऊ नका, राजालासुद्धा.

कवड्यांचा नियम

कुठलंही अवघड काम, नदी ओलांडणं, शिपायाला पटवणं, पळणाऱ्या घराचा उंबरा पकडणं, कवड्या टाकून ठरतं. चार कवड्या उताण्या पडल्या तर काम झालं. पण एकट्या माणसाला टाकायला मिळतात तीनच.

हे आधी सांगू नका. पहिल्या रात्री कुणीतरी शूर माणूस पुढे येतो, तीन कवड्या टाकतो, तिन्ही उताण्या पडतात, त्याला वाटतं जिंकलो. सूत्रधार शांतपणे म्हणतो, चार हव्यात. मग गोधडीवर जी चुळबुळ सुरू होते तिला वेळ द्या, घाई करू नका. कुणीतरी विचारतं, "दुसरं कुणी येऊ शकतं का बरोबर?" येऊ शकतं. शेजारी येऊन उभ्या राहणाऱ्या प्रत्येकामागे एक कवडी वाढते.

पण मदतीला मोल आहे, आणि ते आहे झोप. प्रत्येकाच्या मनगटाला सुतळीचा तुकडा, त्याला तीन गाठी. मदतीला उभं राहिलात की एक गाठ सोडायची. तिन्ही सुटल्या की तुमचं सोंग झोपतं, तुम्ही गोधडीवर आडवे होता, आणि दुसऱ्या कुणीतरी जागं राहून तुमची वस्तू राखायची. राखणारा मिळाला की पुढच्या डावाला दोन गाठी परत. कुणी राखलं नाही तर वस्तू जाते.

ही गाठींची युक्ती माझी नाही. तिसऱ्या वर्षी गजरेवाल्या आजींनी सुचवली. आमच्या नियमात तेव्हा अन्न, पाणी, सोनं असं सगळं मोजलं जायचं. त्या म्हणाल्या, "ते मिळतं गं कुठून ना कुठून. रात्रीची सलग झोप मिळत नाही."

सात रात्री

रविवारची बैठक नेहमी सारखीच सुरू करा: सगळे उभे, सूत्रधार म्हणतो "आटपाट नगर होतं", बाकीचे म्हणतात "आता मैदान आहे". मग मागच्या रात्री काय घडलं ते कालची झोपलेली सोंगं सांगतात, कारण त्यांनी ते फक्त ऐकलेलं असतं. मग पाऊण तास खेळ, पंधरा मिनिटं चहा, पुन्हा अर्धा तास त्याच रात्रीतला एखादा प्रसंग उभं राहून करून बघायचा. नाटक या अर्ध्या तासातून तयार होतं. एकजण बसून संवाद लिहून घेतो, तेवढीच संहिता.

रात्रींचा क्रम आमचा असा: वारा, तहान, पाऊस, 'उठा इथून', मोजणी, आजारपण, आणि सातवीला घरं भेटतात. पहिल्या तीन सोप्या जातात. चौथीत शिपाई येतो आणि मैदान रिकामं करायला सांगतो. शिपायाचं सोंग नेहमी सूत्रधारानं घ्यायचं, खेळाडूला द्यायचं नाही. फूटपाथवरच्या माणसाला तर अजिबात नाही आणि त्याच्यासमोर टॉवरवाल्यालाही नाही.

इमारतींमधलं कुणीतरी याच रात्री हमखास विचारतं, "पण ही माणसं दुसरीकडे का जात नाहीत?" खेळ थांबवून भाषण देऊ नका. नगरातच उत्तर शोधायला लावा: तुमचं काम मैदानाशेजारच्या बाजारात आहे, पलीकडच्या डोंगरावर फुकट जागा आहे, पण तिथून यायला अर्धा दिवस लागतो, तुम्ही कुठे झोपाल? चहाच्या वेळी मग खरं सांगा. मुंबईच्याच फूटपाथवरच्या लोकांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं 1985 साली म्हटलं होतं की उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. माणसं फूटपाथवर राहतात कारण काम तिथून जवळ असतं. त्याच निकालानं नोटीस देऊन हटवायला परवानगीही दिली, तेही सांगा. अर्धं सांगू नका.

पाचवी रात्र मला सगळ्यांत जवळची. नगराचा कारकून कंदील घेऊन येतो आणि जो जिथे झोपलेला दिसेल तिथेच त्याला मोजतो. ही कल्पना फार कल्पनेतली नाही. 2011च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली: रस्त्याकडेला, फूटपाथवर, पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळात, फलाटावर झोपलेली माणसं. देशभरात आकडा आला 17 लाख 73 हजार. त्या रात्री जो रात्रपाळीला कामावर असेल, त्याचं काय? गोधडीवर हा प्रश्न कुणीही विचारला नाही तरी तो येतो, कारण कुणाचं तरी सोंग त्या वेळी पाणी आणायला गेलेलं असतं.

सातव्या रात्री घरं भेटतात आणि बोलतात. घरांची सोंगं खेळाडूंनीच घ्यायची. प्रत्येक घर परत यायला एक अट घालतं. चाळीतल्या एक काकू 'एकशे साठ चौरस फुटांची खोली' झाल्या. त्यांची चाळ पुनर्विकासाला जायची चर्चा तेव्हा सुरू होती. संक्रमण शिबिरात (चाळ पाडल्यावर तात्पुरतं राहायला देतात तिथे) गेलेली त्यांची बहीण वीस वर्षांत परत आली नव्हती. त्यांनी कापड डोक्यावरून घेतलं, दोन्ही हात भिंतींसारखे पसरले आणि म्हणाल्या, "मी पाय फुटून नाही गेले. मला उचलून नेलं. मला परत न्यायचं तर माझ्या दारातल्या माणसांना आधी विचारा, माझं दार कुठं होतं." समोर बसलेल्या लसूणवाल्या बाईनं उठून, तिला कुणी सांगितलं नव्हतं, पत्रिकेची किल्ली काकूंच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मला ठाऊक आहे. नळापासून तिसरं." खरंच नळापासून तिसरं होतं.

गल्लीसमोर

सात रविवार झाले की यातले तीन प्रसंग निवडा, प्रत्येकी आठ मिनिटांचे, आणि गल्लीत करा. माइक नको. रस्ता अडवू नका. स्थानिक पोलिसांना आधी कागद देऊन ठेवा, आणि रात्री दहाच्या आत आवरा. आम्ही दिवेलागणीला करतो, कापडाचे रंग तेव्हा चांगले दिसतात.

प्रसंग मुद्दाम फसलेला करायचा: कारकून कुणालातरी मोजायचं सोडून जातो, शिपाई तवा उचलून नेतो. मग सूत्रधार प्रेक्षकांना सांगतो, प्रसंग पुन्हा होईल, तुम्हाला वाटेल तिथे "थांबा" म्हणा, पुढे या, अडलेल्या माणसाची जागा घ्या आणि वेगळं काही करून बघा. ही रीत ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांची. त्यांनी प्रेक्षकाला उठवून नाटकात आणलं, पुढे 1993 ते 96 रिओ शहराचे नगरसेवक असताना अशाच नाटकांतून लोकांनी सुचवलेलं कायद्यापर्यंत नेलं. बंगालच्या खेड्यांत 1985 साली सुरू झालेली जन संस्कृती ही मंडळी हेच करतात, आणि लंडनमध्ये कार्डबोर्ड सिटिझन्स 1991 पासून बेघर लोकांबरोबर. त्यांचा एक नियम आम्ही जसाच्या तसा घेतला आहे: जादू चालणार नाही. आमच्या नगरात घरांना पाय फुटू शकतात, पण शिपायाच्या मनाला कारणाशिवाय पाझर फुटू शकत नाही. प्रेक्षकानं शिपायाची जागा घेऊन त्याला दयाळू करून टाकलं की सूत्रधारानं नम्रपणे थांबवायचं.

मागच्या खेपेला मोजणीच्या प्रसंगात तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त आजोबा "थांबा" म्हणाले. काठी बाजूला ठेवून फूटपाथवर खरोखर आडवे झाले. कारकून आला तेव्हा उठून बसले आणि म्हणाले, "जो पाणी आणायला गेलाय तो इथंच झोपतो. निळी चादर. सकाळी सहाला घडी करतो. मला खिडकीतून दिसतो, मी सांगतो तुम्हाला." ती निळी चादर खरी होती. तिचा मालक माझ्या शेजारी उभा होता. त्याला कुणी रोज बघतं हे त्याला पहिल्यांदा कळलं.

यानंतर लगेच माहितीचं टेबल मांडा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आमच्या टेबलावर दोनच गोष्टी असतात. एक, जवळच्या रात्रनिवाऱ्याची जागा आणि तिथे बायकांची, कुटुंबाची सोय आहे का याची आम्ही स्वतः जाऊन केलेली खात्री. केंद्राच्या शहरी उपजीविका योजनेत लाख लोकवस्तीमागे किमान शंभर जणांची सोय धरलेली होती, हेही लिहून ठेवतो. दुसरी, मतदार यादीचा सहा नंबरचा फॉर्म. घराचा पुरावा नसला तरी नाव नोंदवता येतं: जिथे झोपता ती जागा लिहायची, आणि अधिकारी रात्री येऊन खात्री करतो. ते आजोबा त्या संध्याकाळी चष्मा पुसून निळ्या चादरवाल्याबरोबर फॉर्म भरायला बसले. पत्त्याच्या जागी काय लिहायचं यावर दोघांची बरीच चर्चा झाली. शेवटी लिहिलं: दूधकेंद्र आणि पिंपळ यांच्या मधे.

फोटो काढू देऊ नका. फूटपाथवरच्या बऱ्याच जणांनी गावी 'खोलीवर राहतो' असं सांगितलेलं असतं, आणि मोबाइलमधला चेहरा दुसऱ्या दिवशी गावी पोचतो.

सोंग उतरवणं

प्रत्येक रविवारी, वेळ संपत आली असली तरी, हे गाळायचं नाही. बादलीभर पाणी ठेवा. एकेकानं कापड घडी करून माझ्या हातात द्यायचं, हात-तोंड धुवायचं, स्वतःचं खरं नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि बाकीच्यांनी ते नाव एकदा उच्चारायचं. सुरुवातीला लोक लाजतात. तिसऱ्या रविवारपर्यंत सगळ्यांना सगळ्यांची नावं येतात, आणि सोमवारी सकाळी लिफ्टमधून उतरलेला माणूस फूटपाथवरच्या माणसाला नावानं हाक मारतो. एखाद्याला खरं नाव सांगायचं नसेल तर त्यानं हवं ते सांगावं, विचारायचं नाही. कुणी रडलं तर सूत्रधारानं शेजारी बसावं, प्रश्न न विचारता. आमच्याकडे एक पेशंटचे वडील चौथ्या रविवारनंतर आले नाहीत. त्यांच्या सोंगाचं कापड आम्ही गोधडीवर त्यांच्या जागी तसंच ठेवलं, आणि शेवटपर्यंत त्याच्यासाठी एक कवडी धरली.

खेळ संपला की कपडे धुवा, उन्हात वाळवा. सोळा तुकडे पुढच्या वर्षी नव्या माणसांना जातात. ज्याला स्वतःचा न्यायचा असेल त्याला नेऊ द्या, मी तेवढे नवे आणते. गाठोड्यांची खोली मात्र आम्ही आता वर्षभर ठेवतो. चाळीच्या जिन्याखालची आहे, भाडं मंडळ देतं. सकाळी सात ते आठ आणि रात्री नऊ ते दहा उघडी असते. एक किल्ली माझ्याकडे आहे, दुसरी लसूणवाल्या बाईकडे.